विठाबाईच्या वाट्याचं पोतं

१

लोणावळ्याच्या बाजारात उभा माणूस तोलता येईल असा काटा फक्त माझ्याकडे होता, आणि तेवढ्या एका कारणाने मी या भानगडीत सापडलो. नाहीतर भाताच्या व्यापाऱ्याचा आणि विमानाचा संबंध काय?

चौतीस सालची गोष्ट. भाद्रपद सरत आला होता. पाऊस दमला होता, पण गेला नव्हता. भुशीकडच्या माळावर एका गोऱ्या साहेबाने विमान आणून उतरवलं आणि बाजारात दवंडी पिटवली, की कुण्याचा धबधबा आभाळातून बघा. विमान लहानसंच. साहेब मागे शेपटीकडे उघड्यावर बसायचा. त्याच्या पुढे, इंजिनाच्या मागे, डबीसारखी एक बंद खोली. खोलीत समोरासमोर दोन बाकडी, दोन्ही अंगांना खिडक्या, आणि साहेबाला आत डोकावता यावं म्हणून मागच्या भिंतीत वीतभर काच. माणसं दोनच मावायची, तीही गुडघ्याला गुडघा लावून. प्रत्येकाला आधी तोलायचं. वजन जास्त झालं की विमान उठत नाही आणि पुढे कमी पडलं की शेपूट बसतं, असं साहेबाचं म्हणणं. म्हणून माझा काटा बैलगाडीतून माळावर गेला, आणि काट्यामागे मी.

"नसीरभाऊ, भाडं काय घेणार?" साहेबाच्या मुनशीने विचारलं.

"भाडं नको. दोन माणसांची एक फेरी द्या."

मुनशी हसला. त्याला वाटलं, म्हातारपणी व्यापाऱ्याला हौस आली. मला कसली हौस? मी स्टुलावर चढलो तरी माझे पाय लटपटतात. ती फेरी अंबाजीसाठी होती.

२

अंबाजी कामशेतजवळच्या वडिवळ्याचा. त्याचं भात मीच घ्यायचो आणि सुगीत त्याच्या खळ्यावर मापायलाही मीच जायचो. त्याची बायको विठाबाई गेल्या वर्षीच्या श्रावणात माहेरी कुण्याला गेली होती. धबधब्याच्या वरच्या अंगाला गवत कापायला म्हणून निघाली ती परत आली नाही. कड्यावर विळा सापडला, बांधलेला भारा सापडला, ती सापडली नाही. माणसांनी दऱ्या धुंडाळल्या. धबधब्याच्या मधल्या टप्प्यावर, पाण्याच्या पडद्यामागे, एक कपार आहे. ती वरून दिसत नाही, खालून दिसत नाही, आणि तिथे उतरायला वाट नाही. असली तर तिथेच, असं सगळे म्हणायचे आणि गप्प बसायचे.

मग हिवाळ्यात रास झाली. गावातल्या जुन्या माणसांनी सांगितलं, प्रेत मिळालं नाही म्हणजे बाई मेली असं म्हणता येत नाही, आणि मेली नाही तर तिचा वाटा मारता येत नाही. घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याचं माप घालतात तसं तिचंही घाला. मी स्वतः ते माप घातलं. पहिल्या पायलीला "एक" म्हणायचं नसतं. त्यांच्या खळ्यावर "लाभ" म्हणायचं, आमच्यात "बरकत". मी "लाभ" म्हणून सुरुवात केली, आणि पोतं भरल्यावर अंबाजीने ते आपल्या हाताने सुतळीने शिवून वर त्याची ती तिरपी गाठ मारली.

"तुमच्या गोदामात ऱ्हाऊ द्या, भाऊ," तो म्हणाला होता. "घरात सामनं दिसलं की घास उतरत न्हाई."

पोतं माझ्या गोदामाच्या कोपऱ्यात राहिलं. वर्ष सरत आलं. आता पितृपंधरवडा चालू होता, वडिवळ्यात घरोघरी पितरांची पानं वाढली जात होती आणि विठाबाईचं पान कुठेच नव्हतं. जिवंतांच्या पंगतीत नाही, पितरांच्याही नाही. शेतात नवं भात पोटरीला आलं होतं. दर बाजाराला अंबाजी माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून एकच विचारायचा.

"यंदा तिचं माप घालायचं का न्हाई? तुमी सांगा, भाऊ."

मी काय सांगणार? मी मापाडी. काझी नाही आणि भटही नाही. पण विमान आलं तेव्हा मला वाटलं, कपारीत समोरून डोकावता येईल. असेल तर असेल, नसेल तर नसेल, एकदाचा निकाल लागेल. त्याच्या त्या प्रश्नाला मी खरंच कंटाळलो होतो, हेही सांगून टाकतो.

३

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, ते त्या फेरीला लागू पडलं. सकाळी ढग. ढग उठले तर साहेबाचा चहा. चहा झाला तर खंडाळ्याच्या बंगल्यातल्या मडमा आल्या, त्या आधी. मग कुणी बडे शेठ, ते आधी. "तुमचा नंबर लागेल, लागेल," असं मुनशी गोड आवाजात सांगायचा. अंबाजी रोज कामशेतहून गाडीने यायचा, काट्याच्या सावलीत बसायचा आणि संध्याकाळी उठून जायचा. माझं दुकान बंद, पोरांना गिऱ्हाईक कळत नाही, आणि मी माळावर उभा राहून लठ्ठ माणसांची वजनं सांगतोय.

त्यात आणखी एक कटकट. पितृपाठात शहाणी माणसं असल्या हौशी करत नाहीत, त्यामुळे जोडीने येणारे कमी. एकटा-दुकटा माणूस बसला की समोरचं बाकडं मोकळं राहायचं, आणि साहेब ओरडायचा, "वजन मांगता, वजन!" त्याची वाळूची पोती पुण्याच्या वाटेवर फाटली होती. माळावरचा चिखल भरावा तर त्याच्या मखमली गाद्या खराब होणार.

"तुमच्याकडे भाताचं पोतं असेलच," मुनशी म्हणाला.

भाद्रपदात कुणाच्या गोदामात भात असतं? जुनं संपलेलं, नवं शेतात. माझ्या गोदामात पाखरं लागलेलं रिकामं बारदान होतं, आणि कोपऱ्यात एक पोतं होतं.

मी ते मागवलं. तासाभराचं काम, संध्याकाळी परत जागेवर. भाताला काय कळतं ते कुठे बसलंय? मी आणि हमालाने उचलून ते बाकड्यावर ताठ बसवलं, दार लावलं, आणि मी हात झटकले.

४

पहिले पुण्याचे एक वकील गेले. एकटेच. परत आले ते लालबुंद होऊन.

"मी अख्ख्या खोलीचे पैसे मोजले होते. ती बाई कोण बसवलीत समोर?"

"बाई नाही साहेब. वजनासाठी पोतं आहे ते."

"मला पोतं कळत नाही? सारखी खिडकीला चिकटलेली. धबधबा आला तर सरकून पलीकडच्या खिडकीला. मला धड काही दिसू दिलं नाही. आणि ओली! माझी विजार बघा."

विजार गुडघ्यापासून खाली खरंच ओली होती. इतके दिवस माळावर उभा राहून मी आधीच वैतागलो होतो, त्यात हा माणूस दिवसाढवळ्या काहीतरी बरळत होता. मी दार उघडून आत डोकावलो. पोतं मधोमध ठेवलं होतं, ते आता खिडकीला टेकलं होतं. विमान कलंडतं, पोतं सरकतं, यात नवल काय? बाकडं ओलं होतं. पावसाळ्यात बारदान ओल धरतं हे मी नाही तर कोण सांगणार? सगळं जागच्या जागी बसत होतं.

तरी हात शिवशिवले. मी हमालाला बोलावून पोतं उतरवलं आणि काट्यावर टाकलं.

ओलं पोतं जड व्हायला हवं. ते हलकं भरलं. थोडंसंच, पण सुगीत मी माझ्या हाताने तोललं होतं आणि माझा काटा खोटं बोलत नाही. मी शिवण चाचपली. सुतळी तशीच, अंबाजीची तिरपी गाठ तशीच. उंदरानं भोक पाडलं असेल म्हणून तळ पाहिला. भोक नव्हतं. एकही दाणा खाली सांडला नव्हता.

"भाऊ, साहेब बोंबलतोय," हमाल म्हणाला. आम्ही ते परत बाकड्यावर बसवलं.

५

मग कस्तुराबाई गेल्या. तुंगार्लीच्या बाजूला त्यांचा बंगला होता. वय झालेलं, हातात काठी, अंगावर तपकिरी शाल. त्यांना अडवायची कुणाची छाती नव्हती, म्हणून "बाई, घाबराल" असं त्यांना कुणी म्हणालंही नाही. विमान डोंगरामागे गेलं, घरघर बारीक झाली, पुन्हा मोठी झाली, उतरलं. मी हात द्यायला पुढे झालो. त्यांच्या अंगावर शाल नव्हती.

"शाल आत राहिली, बाई. आणतो."

"राहू द्या. तिला दिली मी."

मी दाराकडे वळून पाहिलं.

"किती काकडली होती हो ती. लुगडं नुसतं निथळत होतं. मी म्हटलं, अगं, आधी हे घे अंगावर. घेतलं बिचारीनं. मग विचारलं, तुला उतरायचंय कुठे? इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं की नाही कुणास ठाऊक. पण बोट दाखवलं."

"कुठे?"

"खाली. पाण्याकडे." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही गरिबांना असं फुकट बसवता ते चांगलं करता. पण तिला कोरडं काहीतरी नेसायला द्या."

काठी टेकत त्या गेल्या. म्हातारपण, मी मनात म्हटलं. डोळे अधू. वकिलाची बडबड बाहेर उभं राहून ऐकली असेल आणि डोक्यात घेतली असेल. हे सगळं मी स्वतःला पटवलं, आणि मग दार उघडलं.

शाल पोत्याला गुंडाळलेली होती. नुसती टाकलेली नव्हती. डोक्यावरून घेऊन, समोर आणून, एक टोक दुसऱ्याखाली खोचलेलं. थंडीच्या दिवसांत आमच्या दारी भात विकायला येणाऱ्या बायका खोचतात तसं.

मी ती काढणार होतो. दुसऱ्याची वस्तू, परत द्यायला हवी. हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. माझा मलाच इतका राग आला की मी मुनशीवर जाऊन खेकसलो, आज आमची फेरी झाली नाही तर काटा उचलून नेतो.

६

त्या धमकीने काम झालं. "आत्ता, लगेच," मुनशी म्हणाला. पश्चिमेकडून ढग चढत होते, साहेबाला शेवटची एकच फेरी करायची होती. मी अंबाजीला हाक मारली. तो धोतर सावरत आला. त्याने त्या दिवशी दाढी केली होती, धुतलेली बंडी घातली होती. ते बघून मला कसंतरीच झालं.

आता आम्ही दोघं बसणार, म्हणजे पोत्याचं काम नव्हतं. हमालाने दार उघडलं आणि पोतं ओढलं. शाल खाली घसरली. शालीखालची शिवण अंबाजीसमोर आली.

तो वाकला. गाठीवर बोट ठेवलं.

"हे हितं कसं?"

"अंबाजी, ऐक. साहेबाला वजन हवं होतं, गोदामात दुसरं..."

"तिच्या वाट्याचं दानं तुमी वजनाला लावलं?"

तो ओरडला असता तर मी दुप्पट ओरडलो असतो. दिवसभराचं साठलेलं होतंच. पण तो हळू बोलला. मी म्हटलं, पोत्याला काय झालंय, आहे तसं आहे. म्हणताना मला काट्याचा आकडा आठवला.

"वरीसभर राखलं," अंबाजी म्हणाला, "आन् ऐन पितरपाटात भाईर काढलंत. कितिंदा नेलं तिला तितवर?"

त्याने "तिला" म्हटलं. त्याला वकिलाचं माहीत नव्हतं, कस्तुराबाईंचं माहीत नव्हतं. तो तेव्हा स्टेशनकडून येत होता.

"चल, बस आत. उशीर होतोय. तुझ्यासाठीच केलंय सगळं."

"मी न्हाई बसत. तिला बसवा परत. तुमी काढलं, तुमीच न्या आन् तुमीच माघारी आना. मी हितं हाय." तो ओल्या गवतात मांडी घालून बसला. "काय दिसंल ते मला सांगा. खरं सांगा, भाऊ."

साहेब विमानाच्या नाकावरचा पंखा फिरवायला सांगत होता. मुनशी माझ्या पाठीला हात लावून ढकलत होता. ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला तो गवतात बसला होता, आणि स्टुलावर चढायला घाबरणारा मी त्या डबीत शिरत होतो. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. दार बाहेरून बंद झालं. समोरच्या बाकड्यावर पोतं. मीच खाली पडलेली शाल उचलून त्याच्यावर टाकली. का, ते विचारू नका.

७

इंजिनाचा आवाज त्या खोलीत इतका होता की तो माझ्या दातांत वाजत होता. जमीन सुटली. मी डोळे मिटले आणि कलमा म्हटला. उघडले तेव्हा खाली हिरवी खाचरं, रुळांच्या दोन रेघोट्या, बाजाराची कौलं. त्यात माझं दुकान शोधावं म्हणून बघू लागलो, कारण समोर बघायचं नव्हतं.

माझा गुडघा पोत्याला लागत होता. ओल विजारीतून आत येत होती. ओल गार असायला हवी. ही कोमट होती. मी गुडघा मागे घेतला. खोलीत मागे घ्यायला जागाच नव्हती.

मग धबधबा आला. साहेबाने विमान डाव्या अंगावर कलंडवलं आणि माझ्या खिडकीत सगळा कडा उभा राहिला. वरचा टप्पा, डोह, मधला टप्पा. मी नाक काचेला लावून कपार शोधली. पाणी, शेवाळ, काळा दगड. काही नाही. कुणी नाही. इतक्या दिवसांची दगदग, दुकानाचं नुकसान, मित्राचा रोष, आणि विमान कलंडताना काचेवर आपटून कपाळावर टेंगूळ. मला रडू यायचं बाकी होतं. मी मोठ्याने म्हणालो, "विठाबाई, असशील तर दिस एकदा, बाई! त्याला काय सांगू मी?"

इंजिनाच्या घरघरीत माझा आवाज मलाही ऐकू आला नाही.

वास मात्र आला. तेलाच्या, रबराच्या त्या वासात शिजलेल्या भाताचा वास. नव्या आंबेमोहराचा, झाकण काढल्याबरोबर येतो तो. मी आयुष्यभर भातात वावरलो, यात माझी चूक होणार नाही.

साहेबाने दुसरी घिरटी घेतली. या वेळी वारा फिरला असावा, मधल्या टप्प्याचं पाणी एका बाजूला सरकलं, आणि पडद्यामागे मला धूर दिसला. तुषार नव्हे. चुलीचा असतो तसा निळसर, वळत जाणारा धूर. त्याच्यापुढे दगडावर दोन पानं मांडलेली होती. एकावर भाताची मूद, वाफ निघणारी. दुसरं रिकामं. रिकाम्या पानापाशी गुडघे पोटाशी घेऊन, पाठ माझ्याकडे करून, कुणीतरी बसलं होतं. डोक्यावरून शाल घेतलेली. तपकिरी.

तिने मान वळवायला सुरुवात केली.

मी समोर पाहिलं. बाकड्यावर शाल नव्हती. पोतं होतं, पण ते बसलेलं नव्हतं. धुऊन घडी घालायला टाकलेल्या कापडासारखं चपटं पडलं होतं. त्याच क्षणी विमानाचं शेपूट खाली गेलं, नाक आभाळाकडे झालं, मी बाकड्यावर आपटलो. मागच्या काचेवर धाड धाड धाड. साहेबाचा चेहरा काचेला चिकटला होता आणि तो हाताने खुणावत होता, पुढे हो, पुढे सरक. पुढे म्हणजे तिच्या जागेवर.

मी सरकलो. काय करणार? गेलो आणि तिथे बसलो. गादी कोमट होती.

८

उतरल्यावर साहेब मला शिव्या देत होता. दार उघडून पोतं फेकलंस, वजन खाली टाकलंस, मरायची हौस आहे का. दार बाहेरूनच बंद होतं, हे त्याला कुणी सांगावं? मी खाली उतरलो तेव्हा हातात रिकामं पोतं होतं.

अंबाजी उठून उभा राहिला. "दिसली?"

वाटेत मी ठरवलं होतं, नाही म्हणायचं. "नाही," मी म्हटलं.

त्याने पोतं हातात घेतलं. शिवणीवरून बोट फिरवत गाठीपर्यंत गेला. गाठ त्याचीच, न सुटलेली. मग तो जवळ आला आणि त्याने माझ्या बंडीचा वास घेतला.

"भाताचा वास येतुय तुमाला. आमचाच आंबेमोहर हाय." त्याचे डोळे भरले. "खरं सांगा, भाऊ. वरीस झालं. मी कुनाला न्हाई सांगनार."

आणि मी सांगितलं. वाटलं, हे ऐकून याच्या जिवाला बरं वाटेल. याला वर्षभर एकच टोचणी, की ती उपाशी आहे. मग ती मिटवावी. "आहे ती तिथे," मी म्हटलं. "पण सुखी आहे, अंबाजी. जेवली ती. पोटभर जेवली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, दोन पानं मांडलेली होती आणि तिच्यापुढचं पान रिकामं होतं."

आमच्या घरी एकाच ताटाभोवती सगळे बसतात. माझी बायको अकबरी, मी, सुना, पोरं, एकदमच हात घालतात. रिकामं पान म्हणजे जेवण झालं, यापलीकडे माझी अक्कल गेली नाही.

"आन् दुसरं?" अंबाजीने विचारलं.

"दुसरं वाढलेलं होतं."

त्याने रिकाम्या पोत्यावरून हात फिरवला. मग हसला. लग्नात नवरदेव हसतो तसा, ओशाळून.

"ती कधी माज्याआधी जेवली न्हाई, भाऊ. माझं पान वाढायची आन् आपलं रिकामं ठिवून बसायची. रानातनं यायला कितीबी उशीर व्हवू दे." त्याने पोत्याची नीट घडी केली. "वाढून बसलीया ती. मी तिला वरीसभर बसवून ठिवलं."

मी त्याचा दंड धरला. त्याला घरी आणलं. भ्रम झाला मला, म्हटलं, धूर नव्हता, तुषार होते, पानं नव्हती, दगड होते, मी भित्रा माणूस, काय दिसलं त्याचा काय भरवसा. सगळं खोटं होतं असं अल्लाची शपथ घेऊन सांगितलं, आणि ती खोटी शपथ अजून माझ्या मानेवर आहे. अकबरीने भाकरी आणि कालवण आणून ठेवलं. तो हात जोडून म्हणाला, "नगं, वहिनी. तिकडं वाढलंय."

चहासुद्धा घेतला नाही. संध्याकाळच्या गाडीला मी स्वतः त्याला बसवलं, गाडी हलेपर्यंत उभा राहिलो. तो कामशेतला उतरलाच नाही, हे दुसऱ्या दिवशी त्याचा धाकटा भाऊ मारुती विचारत आला तेव्हा कळलं. कुण्याच्या कड्यावर त्याची पायताणं सापडली. जेवायला बसताना बाहेर काढून ठेवतात तशी, शेजारी शेजारी.

९

मार्गशीर्षात मारुतीने मला मापायला बोलावलं. मी जाणार नव्हतो. अकबरी म्हणाली, नाही गेलात तर लोक म्हणतील यानेच काहीतरी केलं. गेलो. जुनी माणसं खळ्याच्या कडेला बसली होती. त्यांचं म्हणणं तेच, गेल्या वर्षीचं. प्रेत मिळालं नाही. वाटा मारता येत नाही.

"मंग यंदा दोन मापं," मारुती म्हणाला. "घाला, भाऊ."

मी पायली उचलली. तोंडातून "लाभ" निघेना. कसला लाभ? ज्या प्रश्नाला कंटाळून मी एवढा खटाटोप केला, त्याचं उत्तर माझ्यापुढे राशीसारखं पडलं होतं आणि ते मला नको होतं. माणसं माझ्या तोंडाकडे बघत राहिली, तेव्हा म्हटलं कसंबसं.

दोन पोती भरली. मारुतीने शिवली. त्याची गाठ सरळ येते. "तुमच्याच गोदामात ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. मला नाही म्हणता आलं नाही.

पुढच्या पावसाळ्याअखेरीस तोच मुनशी पुन्हा दुकानात आला, काटा मागत. मी त्याला पायरीवरूनच हाकललं. पण दुपारी दुकान बंद करून जेवायला निघालो की गोदामाच्या बाजूने वास येतो. अकबरीलाही येतो. पहिल्यांदा आला तेव्हा तिने विचारलं होतं, "आत कुणी जेवतंय का?" आता ती विचारत नाही.

पोती कोपऱ्यात आहेत, एकमेकांना टेकून. गाठी शाबूत आहेत. ती हलकी झालीत का, हे मला दोन मिनिटांत कळेल, काटा दहा पावलांवर आहे. मापाड्याने पोतं तोलायला भ्यावं, यापरती नामुष्की नाही. रोज ठरवतो, आज तोलू. आणि रोज दाराशी थबकून हळूच म्हणतो, "सावकाश होऊ द्या." मग कडी लावतो आणि घरी जातो.